चार वर्षांचा गॅप आणि कॅनडाची पीआर

कोल्हापूरच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "मी एमकॉम आहे, वय 33. जून 2015 पासून इचलकरंजीच्या एका सूतगिरणीत अकाउंट्सला होते. ऑगस्ट 2017 ला गिरणी बंद पडली. पुढे 14 महिने काम मिळालं नाही. नोव्हेंबर 2018 ते मार्च 2022 पुण्यात एका कंपनीत अकाउंटंट होते. शेवटचे सहा महिने बाळंतपणाच्या रजेत गेले आणि मग राजीनामा दिला. त्यानंतर सासूबाईंचं आजारपण, मधे आठ महिने मस्कतला मिस्टरांकडे, परत आल्यावर घरी शिकवण्या. फेब्रुवारी 2025 पासून पुन्हा नोकरी करतेय. आता कॅनडाच्या पीआरला (कायम राहण्याच्या परवान्याला) अर्ज करायचाय. इथला एजंट म्हणतो, एवढा गॅप दिसला की फाइल बाद होते, ओळखीच्या फर्मचं अनुभवपत्र लावून भरून काढू. असं करावं का?"

ताई, करू नका. मी गेली 12 वर्षं कॅनडातल्या मिसिसागात बसून परवानाधारक इमिग्रेशन सल्लागार म्हणून हेच काम करतेय. एजंटचा असा सल्ला ऐकून फसलेली माणसं मी समोर बसून रडताना पाहिली आहेत. पण नुसतं "करू नका" म्हणून तुमची भीती जाणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही विचारताय, गॅपमुळे नाकारतात का. पण तुमच्या फाइलपुढचे प्रश्न वेगळे आहेत. तुमच्या कुठल्या नोकरीचा अनुभव धरला जाईल, तो कागदावर सिद्ध करता येईल का, आणि एवढं करून तुमचे गुण आजच्या फेऱ्यांना (जास्त गुणवाल्यांना अर्जाचं आमंत्रण देणाऱ्या) पुरतील का. गॅप या तिन्हींच्या आड येतो का, ते एकेक करून बघू.

तुम्ही भारतातून, कॅनडातली नोकरी हातात नसताना अर्ज करणार, म्हणजे एक्स्प्रेस एंट्री या गुणांवर चालणाऱ्या पीआरच्या निवडपद्धतीतला फेडरल स्किल्ड वर्कर हा मार्ग. त्याची अनुभवाची किमान अट अशी: गेल्या 10 वर्षांत, तुमच्या मुख्य व्यवसायात, सलग किमान 1 वर्ष पगारी काम. आठवड्याला 30 तासांच्या हिशोबानं वर्षाचे 1,560 तास. अर्ज करताना नोकरी चालू असलीच पाहिजे अशी अट नाही. दोन नोकऱ्यांच्या मधे गॅप नको, असंही कुठे नाही. "सलग" हा शब्द त्या एका वर्षाला लागतो, अख्ख्या दहा वर्षांना नाही. पुण्याच्या नोकरीतून रजेचे सहा महिने वजा केले तरी तुमचे 34 महिने सलग उरतात. ती रजा मी अनुभवात मोजत नाही. तुम्ही कंपनीच्या हजेरीपटावर होता हे खरं, पण त्या काळात काम केलेलं नसतं, आणि मोजणी काठावर असलेल्या फाइलीत त्यावरून वाद होऊ शकतो. तुमची मोजणी काठावर नाही.

आता गुणांकडे येऊ. एजंटच्या खोट्या पत्राचा हिशोब इथेच फसतो. सीआरएस म्हणजे क्रमवारीचे गुण, एकूण 1200. त्यात परदेशी अनुभवाचे गुण 3 वर्षांवर थांबतात. 3 वर्षं असोत की 9, गुण तेवढेच. समजा तुम्ही जून 2026 मध्ये अर्ज केलात. पुण्याचे 34 महिने आणि फेब्रुवारी 2025 पासूनचे 16 महिने मिळून 50 होतात. लागतात 36. सूतगिरणीचा अनुभव बाजूला ठेवला तरी पूर्ण गुण मिळतात! मग ओळखीच्या फर्मचं पत्र लावून तुम्हाला काय मिळणार? एकही गुण वाढत नाही. फेडरल स्किल्ड वर्करची आणखी एक वेगळी 100 गुणांची चाळणी असते, तिथे 67 लागतात. तिथेही 4 वर्षांच्या अनुभवाला 13 आणि 6 किंवा जास्त वर्षांना 15, एवढाच फरक. म्हणजे दोन गुणांसाठी, जे तुम्हाला बहुधा लागणारही नाहीत, अख्खं कुटुंब पणाला लावायचं.

पणाला म्हणजे काय, तेही सांगते. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याचं कलम 40 खोट्या माहितीबद्दल आहे. खोटं सापडलं तर 5 वर्षं बंदी, आणि त्या काळात पीआरचा नवा अर्जही करता येत नाही. खोटं एजंटनं लिहिलं, मला माहीत नव्हतं, हे म्हणणं सहसा चालत नाही, कारण अर्जावर सही तुमची असते. 2019 मध्ये माझ्याकडे नाशिककडचं एक जोडपं आलं होतं. नवऱ्याची नोकरी गेली होती आणि 11 महिने तो घरी होता. त्यांच्या एजंटनं मेहुण्याच्या फर्मचं पत्र लावून ते 11 महिने झाकले होते. पण दोन वर्षांपूर्वी बहिणीला भेटायला म्हणून त्यानं कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा काढला होता आणि त्या फॉर्मवर खरं लिहिलं होतं की सध्या नोकरी नाही. अधिकाऱ्यासमोर दोन्ही फॉर्म होते. खुलासा मागणारं पत्र आलं, तेव्हा ते माझ्याकडे धावत आले. तोवर खुलासा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तेव्हा तो 36 वर्षांचा होता. जोडीदारासह अर्ज करणाऱ्याला त्या वयाचे 65 गुण मिळतात. बंदी संपली तेव्हा तो 41 चा झाला होता आणि त्या वयाला 35 मिळतात. त्या 11 महिन्यांबद्दल खरं लिहिलं असतं तर एकही गुण कमी झाला नसता.

म्हणून पहिलं काम, तुम्ही आणि तुमच्या मिस्टरांनी आजवर भरलेले सगळे व्हिसा फॉर्म काढा. कॅनडाचा, अमेरिकेचा, ओमानचा, जो असेल तो. तिथे तुम्ही स्वतःला गृहिणी लिहिलंय की नोकरदार, तारखा काय टाकल्यात, ते नव्या अर्जाशी जुळलं पाहिजे. लिंक्डइनवरच्या तारखाही एकदा बघून घ्या. पूर्वी चुकून काही वेगळं लिहिलं गेलं असेल तर ते आता आपणहून सांगून दुरुस्त करायचं.

गॅपबद्दलचा बहुतेक गोंधळ एका गैरसमजातून येतो. अर्जात दोन वेगळे रकाने असतात. एक वर्क हिस्ट्री, म्हणजे ज्या कामाचे तुम्ही गुण मागता ते काम. दुसरा पर्सनल हिस्ट्री, म्हणजे गेल्या 10 वर्षांत तुम्ही काय काय करत होतात याचा महिन्यावार हिशोब. (वयाची 18 वर्षं पूर्ण होऊन 10 वर्षं झाली नसतील तर 18 व्या वर्षापासून.) पर्सनल हिस्ट्रीत एकही महिना रिकामा सोडायचा नाही. पण प्रत्येक महिना नोकरीनं भरायचा असा त्याचा अर्थ नाही. बेरोजगार, गृहिणी, शिक्षण, प्रवास, आजारपण, काहीही खरं असेल ते लिहिता येतं. लोक "नो गॅप" एवढंच ऐकतात आणि घाबरून खोट्या नोकऱ्या शोधायला लागतात. रिकामी जागा आणि बेरोजगारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिकामी जागा सोडली तर अर्ज अपूर्ण म्हणून परत येऊ शकतो. बेरोजगार लिहिलं तर काही होत नाही.

तुमच्या बाबतीत मी असं लिहीन. ऑगस्ट 2017 पर्यंत सूतगिरणी. सप्टेंबर 2017 ते ऑक्टोबर 2018 बेरोजगार, नोकरीच्या शोधात. नोव्हेंबर 2018 ते मार्च 2022 पुण्याची कंपनी. एप्रिल 2022 ते जानेवारी 2025 गृहिणी. आणि त्याच काळातली शिकवणी वेगळ्या ओळीत, सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत. दोन ओळींच्या तारखा एकमेकींवर आल्या तरी चालतं. मग फेब्रुवारी 2025 पासूनची नोकरी.

शिकवण्यांबद्दल बऱ्याच जणी विचारतात, म्हणून दोन वाक्यं जास्त लिहिते. शिकवणी घेतली, पैसे हातात रोख मिळाले, पावती नाही, आयकर विवरणात उल्लेख नाही. अशा कामाचे गुण मागू नका, कारण स्वयंरोजगारासाठी तुम्ही काय काम केलंत आणि त्याचे पैसे किती मिळाले याचे तुमच्याखेरीज दुसऱ्या कोणाचे कागद लागतात. पण काम केलंय तर पर्सनल हिस्ट्रीत ते दिसलंच पाहिजे. गुण मागितले नाहीत म्हणून ते लपवायचं असं होत नाही.

सूतगिरणीच्या नोकरीकडे परत येते. बंद पडलेल्या कारखान्याचं पत्र आणायचं कुठून, ही काळजीही तुम्हाला असेल. वर बघितलंच की त्या अनुभवाचे गुण तुम्हाला लागत नाहीत. शिवाय 10 वर्षांची ती खिडकी रोज पुढे सरकते. जून 2026 मध्ये अर्ज केला तर जून 2016 च्या आधीचं काम आपोआप बाहेर पडतं. आणखी एक बारकावा. कॅनडात प्रत्येक कामाला एनओसी नावाचा क्रमांक असतो (आपल्याकडच्या ना-हरकत प्रमाणपत्राशी त्याचा संबंध नाही). अकाउंटंट 11100, बुककीपर 12200 आणि अकाउंट्समधला कारकून 14200. यातला शेवटचा या मार्गात धरत नाहीत. तुमचा हुद्दा काय होता याला महत्त्व नाही, रोजचं काम काय होतं त्यावर क्रमांक ठरतो. गिरणीत तुम्ही व्हाउचर लिहिणं, बिलं चढवणं एवढंच करत असाल तर तो 14200 होण्याची दाट शक्यता आहे. म्हणून ती नोकरी पर्सनल हिस्ट्रीत लिहा, तिचे गुण मागू नका, आणि मालकांच्या मागे पत्रासाठी धावू नका.

ज्यांना अशा बंद पडलेल्या ठिकाणच्या अनुभवाचे गुण लागतातच, त्यांच्यासाठी मी हे कागद गोळा करते: पीएफचं पासबुक, फॉर्म 16, पगार जमा झालेल्या बँक खात्याचा उतारा, नेमणुकीचं पत्र, असेल तर दुकानाच्या गुमास्ता परवान्याची प्रत. सोबत जुन्या वरिष्ठाचं किंवा फर्मच्या सीएचं कामाचं स्वरूप सांगणारं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र. आणि नेहमीचं पत्र का मिळू शकत नाही हे सांगणारा खुलासा. हे अधिकाऱ्याला पटेल याची खात्री देता येत नाही, ते कागदांच्या वजनावर ठरतं. पण असे अर्ज मंजूर झालेले मी पाहिले आहेत.

पुण्याच्या आणि आत्ताच्या कंपनीचं पत्र मात्र नीट मिळवा. आपल्याकडच्या एचआरला रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवपत्र एवढंच माहीत असतं: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत काम केलं, वर्तणूक चांगली होती. ते इथे पुरत नाही. लेटरहेडवर हुद्दा, कामाच्या जबाबदाऱ्या, आठवड्याचे तास, वार्षिक पगार व भत्ते, तारखा, सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि संपर्क, एवढं सगळं हवं. जबाबदाऱ्यांचा मसुदा तुम्ही करून दिलात तर एचआर लवकर हलतं. पण मसुद्यात तुम्ही खरं करत होता तेच लिहा. एनओसीच्या वर्णनातली वाक्यं जशीच्या तशी उतरवलेली पत्रं अधिकाऱ्यांच्या रोजच्या पाहण्यातली असतात. आमंत्रण आल्यावर अर्ज भरायला फक्त 60 दिवस मिळतात आणि ते भर्रकन जातात, म्हणून पत्रं आत्ताच मागायला लागा.

गॅपचा खुलासा एका वेगळ्या पत्रात द्यायचा. अर्धं पान पुरतं. लोक चार-चार पानी कहाणी लिहून आणतात, सासूबाईंचे सगळे रिपोर्ट जोडतात. त्याची गरज नसते. तुमच्या पत्राचा गाभा मराठीत सांगायचा तर असा होईल: "सप्टेंबर 2017 ते ऑक्टोबर 2018 मी बेरोजगार होते, कारण कारखाना बंद झाला. घरखर्च पतीच्या पगारातून चालत होता. एप्रिल 2022 ते जानेवारी 2025 मी लहान मुलीची आणि आजारी सासूबाईंची काळजी घेत होते. या काळात मी अमुक महिने मस्कतला पतीसोबत राहिले. घरी काही विद्यार्थ्यांना शिकवत होते. या काळातल्या कोणत्याही कामाचे गुण मी मागत नाही." तारखा, कारण, पैसे कुठून येत होते, राहत कुठे होतात. अधिकाऱ्याला एवढंच समजून घ्यायचं असतं. माफी मागितल्यासारखं लिहू नका. घरच्यांची काळजी घेणं हा गुन्हा नाही.

आता गॅपचा खरा फटका कुठे बसू शकतो ते सांगते, नाहीतर सगळंच गोड लिहिल्यासारखं होईल.

एक, पैसा. या मार्गाला सेटलमेंट फंड दाखवावे लागतात, गेल्या सहा महिन्यांच्या सरासरी शिल्लकेसह. रक्कम कुटुंबातल्या माणसांच्या संख्येवर ठरते आणि दरवर्षी बदलते. ज्या घरात एकाच पगारावर तीन वर्षं काढली, तिथे ही गंगाजळी आटलेली असते. राहतं घर, शेतजमीन, दागिने यात धरत नाहीत. उसने घेतलेले पैसेही नाहीत. मुदत ठेव चालते, जोडीदारासोबतचं खातं चालतं.

दुसरा फटका व्यवसायानुसार निघणाऱ्या खास फेऱ्यांचा. 2023 पासून आरोग्यसेवा, कुशल कारागीर अशा गटांसाठी वेगळ्या फेऱ्या निघतात आणि त्या गेल्या 3 वर्षांतलाच अनुभव बघतात. चार वर्षं घरी असलेल्या नर्सला म्हणूनच अडचण येते. अकाउंटंटसाठी असा गट नाही, त्यामुळे तुम्हाला तोटा नाही आणि फायदाही नाही.

आणि तिसरा, वय. 30 पासून 40 पर्यंत दर वाढदिवसाला 5 गुण जातात, पुढे त्याहून जास्त. तुम्हाला आज 33 चे 80 आहेत, पुढच्या वाढदिवसाला 75 होतील. गॅपबद्दल गुण कापत नाहीत, पण वाट बघण्याबद्दल कापतात. म्हणून खोटी पत्रं जमवण्यात सहा महिने घालवण्यापेक्षा इंग्रजीवर घाला. आयईएलटीएस जनरलला ऐकण्यात 8 आणि बाकी तिन्हीत 7 आले की कॅनडाच्या भाषेच्या मोजपट्टीवर (सीएलबी) पातळी 9 होते. त्याच तीन वर्षांच्या अनुभवाला खालच्या पातळीवर जास्तीत जास्त 25 गुण मिळतात, पातळी 9 ला 50. शिक्षणाचे आणि भाषेचे वाढतात ते वेगळेच. खोट्या पत्रानं शून्य मिळत होते, हे लक्षात घ्या.

तरीही मन मोडणारी एक गोष्ट सांगायलाच हवी. 2024 च्या मध्यापासून सगळ्यांना खुल्या असलेल्या फेऱ्या जवळजवळ थांबल्या आहेत. 2025 मध्ये आमंत्रणं मुख्यतः कॅनडात काम केलेल्यांना, प्रांतांनी निवडलेल्यांना आणि खास गटांना गेली. म्हणजे तुमची फाइल निर्दोष असूनही नुसत्या इंग्रजीवर आमंत्रण येईल असं मी म्हणणार नाही. दोन वाटा दिसतात. कॅनडाच्या एखाद्या प्रांतानं तुमची निवड केली तर 600 गुण मिळतात. दुसरी वाट फ्रेंच. फ्रेंचच्या फेऱ्यांना व्यवसायाचं किंवा ताज्या अनुभवाचं बंधन नसतं, चारही कौशल्यांत पातळी 7 लागते, आणि त्यांचा कटऑफ 400 च्या आसपासही आलेला आहे. सोपं नाही, नोकरी आणि लहान मूल सांभाळून दीड-दोन वर्षं जातील. पण माझ्या ओळखीच्या दोघी जणी पुण्याच्या आलियान्स फ्रान्सेझमध्ये शिकून याच वाटेनं आल्या, आणि त्यातल्या एकीचा गॅप तुमच्यापेक्षा मोठा होता. मिस्टरांना मुख्य अर्जदार करून गुण जास्त होतात का, हेही मोजून बघा. त्यांचं वय आणि शिक्षण तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणून त्यावर मला आत्ता काही सांगता येत नाही.

कॅनडातच वर्क परमिटवर असताना ज्यांची नोकरी गेली, अशांसाठी एक ओळ: कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लासला गेल्या 3 वर्षांत मिळून 1 वर्षाचं काम लागतं, ते सलग असण्याची गरज नाही, मात्र स्वतःचा धंदा आणि पूर्णवेळ शिकत असतानाचं काम त्यात मोजत नाहीत.

एजंटबद्दल. पैसे घेऊन कॅनडाच्या इमिग्रेशनचा सल्ला देण्याचा अधिकार फक्त तिथल्या वकिलांना, लॉ सोसायटीच्या सदस्य पॅरालीगलना (कायदेशीर सहाय्यकांना), क्वेबेकच्या नोटरींना आणि कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या परवानाधारकांना आहे. कॉलेजची यादी कोणालाही ऑनलाइन बघता येते. तुमच्या एजंटचं नाव तिथे शोधा. आणि त्याला विचारा की प्रतिनिधी म्हणून फॉर्म 5476 वर तो स्वतःची सही करणार का. "माझं नाव नको, तुम्हीच भरल्यासारखं दाखवू" असं उत्तर आलं तर दिलेले पैसे गेले समजा आणि कागद परत घ्या.

शेवटी मस्कत. तुम्ही ते एका ओघात लिहून पुढे गेलात, पण तुमच्या फाइलीत गॅपपेक्षा तेच जास्त महत्त्वाचं आहे. ज्या देशात तुम्ही गेल्या 10 वर्षांत सलग सहा महिने किंवा जास्त राहिलात, तिथला पोलिस दाखला लागतो. तुम्ही आठ महिने होतात, म्हणजे ओमानचा लागणार, आणि पत्त्यांच्या रकान्यातही ते आठ महिने मस्कतच दिसलं पाहिजे, कोल्हापूर नाही. आपल्या पासपोर्ट सेवा केंद्राचा दाखला अर्जाच्या वेळी सहा महिन्यांपेक्षा जुना चालत नाही, म्हणून तो नंतर काढा. ओमानचा मात्र तुम्ही तिथून कायमच्या परत आल्यानंतरचा असला की पुरे. तो आज काढला तरी शिळा होणार नाही. मिस्टर अजून तिथेच असतील तर याच आठवड्यात त्यांना चौकशी करायला सांगा.